रकाना आणि इतिहास : यवतमाळ जिल्ह्यातील नोंदींचे एक वाचन

१

मराठी इतिहासलेखनाच्या आधुनिक परंपरेत 'साधन' ह्या शब्दाला जे वजन प्राप्त झाले, त्याचे श्रेय बव्हंशी वि. का. राजवाडे यांना द्यावे लागते. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, आणि अस्सल कागद व त्याच्या आधारे मांडलेला इतिहास असे एक समीकरण रूढ झाले. बखर ही रचना ठरली, पत्र हा पुरावा ठरला. ह्या शिस्तीने मराठी इतिहासविद्येला जे दिले ते मोलाचे आहे. मात्र तिच्या पोटात एक गृहीतक होते व ते फारसे तपासले गेले नाही. कागद हा घडलेल्या गोष्टीचा निर्मळ ठसा असतो, कागद आणि घटना ह्यांच्या दरम्यान माध्यम म्हणून काही उभे नसते, असे ते गृहीतक होय.

वस्तुतः प्रत्येक कागद कोणत्या तरी कामासाठी जन्मलेला असतो. वसुली, तह, इनामाचा निवाडा, सैन्याची रसद ही ती कामे. ज्या प्रदेशात सत्तेची दफ्तरे होती तेथे इतिहास दाट झाला. ज्या प्रदेशावर सत्ता दुरून चालली तेथे तो विरळ राहिला. पुणे-सातारा आणि यवतमाळ ह्यांच्या इतिहासातील अंतर हे जेवढे घटनांचे अंतर आहे, तेवढेच ते दफ्तरांचेही अंतर आहे.

ह्या दृष्टीने यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण विशेष बोधप्रद ठरते. निजामाच्या ताब्यातील वऱ्हाड १८५३ च्या तहाने ब्रिटिश व्यवस्थापनाखाली आले. पुढे 'वणी' ह्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा १९०५ मध्ये 'यवतमाळ' झाला. १८७० मध्ये लायल ह्यांनी संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटिअर व १९०८ मध्ये ब्राउन आणि रसेल ह्यांनी सिद्ध केलेले जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटिअर ही ह्या भूप्रदेशाविषयीच्या सलग छापील ज्ञानाची सुरुवात. म्हणजे ह्या जिल्ह्याचा 'इतिहास' म्हणून जे वाचले जाते, त्याची प्रकरणे आधी आखली गेली आणि मजकूर नंतर आला. गॅझेटिअरमध्ये 'इतिहास' हे एक प्रकरण असते आणि 'लोकसंख्या' हे दुसरे. राजवंश, स्वाऱ्या आणि तह पहिल्यात जातात. गोंड, कोलाम, बंजारा हे दुसऱ्यात येतात. पहिल्यात काळ चालतो. दुसऱ्यात चालीरीती असतात, आणि त्यांना काळ नसतो. कोलामांना इतिहास नव्हता, हा निष्कर्ष कोणी शब्दांत काढलेला नाही. प्रकरणांच्या आखणीने तो परस्पर काढला.

प्रस्तुत विवेचनात 'नोंदीचे माध्यम' हा शब्द म्हणूनच थोड्या व्यापक अर्थाने घेतला आहे. ध्वनिमुद्रिका, कॅमेरा, चित्रफीत ही माध्यमे तर आहेतच; पण छापील नमुना, तक्ता, पंचनामा आणि रकाना हीदेखील माध्यमेच होत. यंत्राइतकीच निवड रकानाही करतो. यंत्राची निवड निदान दिसते, रकान्याची सहसा दिसत नाही, एवढाच फरक.

२

कोलामी ही द्राविडी कुळातील, नाईकी आणि परजी ह्यांना जवळची असलेली भाषा. २०११ च्या जनगणनेनुसार ती मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या सुमारे सव्वा लाख होती. वणी, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर, घाटंजी, राळेगाव ह्या भागांतील कोलाम पोडांवर ती बोलली जाते. तिला स्वतःची लिपी नाही. त्यामुळे तिची प्रत्येक नोंद ही बाहेरच्या कोणीतरी केलेली नोंद आहे.

ह्यांतील पहिली महत्त्वाची नोंद ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात आढळते. मुंडा व द्राविडी भाषांचा चौथा खंड १९०६ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोलामीचा समावेश आहे. सर्वेक्षणाची पद्धत सर्वत्र एकच होती. बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचा त्या त्या भाषेत अनुवाद करून घ्यायचा आणि २४१ शब्द-वाक्यांची ठरावीक यादी भरायची. भाषा-भाषांची तुलना करायची तर मजकूर समान हवा, हे त्यामागचे कारण शास्त्रीय दृष्ट्या रास्तच होते. परंतु त्याचा परिणाम काय झाला हे पाहिले पाहिजे. वडिलांकडे मालमत्तेचा वाटा मागणारा धाकटा मुलगा, त्याचा दूरदेशचा उधळेपणा आणि परतल्यावर त्याच्यासाठी कापलेले पुष्ट वासरू ही पोडावरच्या जगण्यातून आलेली गोष्ट नव्हे. कोलामीचे रूप नोंदले गेले. त्या रूपात कोलाम स्वतःविषयी काय सांगत होते, हे विचारण्यासाठी नमुन्यात जागा नव्हती. दुसरा नमुना म्हणून स्थानिक मजकूर घेण्याची सोय सर्वेक्षणात होती. मात्र भारतभर सर्वत्र भरली गेलेली आणि अभ्यासकांनी पुढे मुख्यतः वापरलेली नोंद ही दृष्टान्ताची.

ह्याच सर्वेक्षणाच्या छत्राखाली १९१३ ते १९२९ ह्या काळात सुमारे शंभर भारतीय भाषा-बोलींच्या ध्वनिमुद्रिका तयार झाल्या. फ्रीडरिख किटलर ह्या जर्मन विचारवंताने 'ग्रामोफोन, फिल्म, टाइपरायटर' (१९८६) ह्या ग्रंथात लेखन आणि ध्वनिमुद्रण ह्यांतील भेद मांडला आहे. लेखन फक्त तेच टिपते, ज्यासाठी अक्षर आधीपासून असते. मुद्रिकेची सुई मात्र श्वास, अडखळणे, पार्श्वभूमीचा आवाज हे सारे निवड न करता टिपते. हा भेद महत्त्वाचा आहे, पण ह्या मुद्रिकांच्या संदर्भात तो अर्धाच खरा ठरतो. सुई निवड करीत नव्हती हे मान्य केले, तरी सुईपुढे काय बोलायचे ते ठरलेले होते. अनेक मुद्रिकांत तोच उधळ्या पुत्राचा दृष्टान्त आहे. यंत्र बदलले, नमुना तोच राहिला.

पुढे एमेनो ह्या भाषाशास्त्रज्ञाने १९३५ ते १९३८ ह्या वर्षांत भारतात क्षेत्रकार्य केले आणि १९५५ मध्ये 'कोलामी : अ द्रविडियन लँग्वेज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील कोलामीचे काटेकोर वर्णन आहे. बरो आणि एमेनो ह्यांच्या १९६१ च्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात कोलामी शब्द तमिळ, कन्नड, तेलुगू शब्दांच्या रांगेत मानाने बसले. ह्या अभ्यासाने कोलामीला भाषाकुळाच्या हजारो वर्षांच्या इतिहासात स्थान दिले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु कोशातील कोलामी हा एक संक्षेप आहे. शब्दांचा इतिहास उपलब्ध झाला, शब्द बोलणाऱ्यांचा झाला नाही. आणि तशी अपेक्षा कोशाकडून करताही येणार नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. एखाद्या समाजाविषयी व्युत्पत्तिकोश, जनगणना आणि गॅझेटिअर एवढीच साधने हाती असतील, तर त्या समाजाला प्राचीनता मिळते आणि संख्या मिळते, पण स्मरण मिळत नाही.

मौखिक परंपरा नोंदविण्याचे जे प्रयत्न महाराष्ट्रात झाले, त्यांतही हा प्रश्न निराळ्या रूपाने आला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ ह्यांनी मुख्यतः पुणे जिल्ह्यापासून सुरू केलेल्या जात्यावरील ओव्यांच्या संकलनात लाखाहून अधिक ओव्या शब्दरूपात जमा झाल्या. त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण पुढे झाले. ओवी आधी कागदावर आली तेव्हा तिचे शब्द आले. गळा, जात्याची घरघर, दोघी जणींनी एकमेकींना दिलेली साथ हे मुद्रणाबरोबर आले. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, परंतु त्यांतून उभा राहणारा स्त्रीजीवनाचा इतिहास एकसारखा नाही. पहिल्यात ओवी ही कविता असते, दुसऱ्यात ती काम असते.

३

एकच कृती दोन निराळ्या नोंदींत गेली म्हणजे तिची दोन निराळ्या जातींची घटना होते. ह्याचे ठळक उदाहरण १९३० च्या जंगल सत्याग्रहात सापडते. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात विनापरवाना गवत कापून सत्याग्रहाचा प्रारंभ केला व त्यांना अटक झाली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला यवतमाळनजीक लोहारा येथील जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी सत्याग्रह केला. त्यांना एकूण नऊ महिन्यांची शिक्षा होऊन अकोल्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. ह्या घटनांना दिनांक आहेत, स्थळे आहेत, नावे आहेत. वृत्तपत्रे, न्यायालयाचे निकाल, पुढाऱ्यांची चरित्रे आणि पुढे उभारलेली स्मारके ह्या सर्व माध्यमांनी त्यांना धरून ठेवले आहे. वृत्तपत्र हे माध्यम तर ह्या जिल्ह्यात अणे यांनीच उभे केले होते. 'लोकमत' हे साप्ताहिक त्यांनी १९१८ मध्ये यवतमाळात सुरू केले.

आता दुसरी नोंद पाहावी. राखीव जंगलात विनापरवाना गवत कापणे, लाकूड तोडणे, गुरे चारणे हे त्या काळात आदिवासी आणि गरीब शेतकरी रोजच करीत होते, कारण त्यावाचून जगणे शक्य नव्हते. ह्या कृतीही नोंदल्या गेल्या, पण त्या वनखात्याच्या वार्षिक अहवालांतील 'वनगुन्हे' ह्या तक्त्यात. तेथे कर्त्याला नाव नाही, कृतीला हेतू नाही. गुन्ह्यांची संख्या आणि वसूल दंड एवढेच आहे. गवत तेच आणि कायदाही तोच. एका नोंदीत ती कृती राष्ट्राच्या इतिहासाचा भाग झाली, दुसऱ्या नोंदीत प्रशासनाचा आकडा झाली. सत्याग्रहाचे मोल ह्यामुळे उणावत नाही. नेत्याच्या एका दिवसाच्या कृतीला ज्या रोजच्या कृतीमुळे अर्थ आला, ती मात्र इतिहासाबाहेर राहिली, हे ध्यानात घ्यावे लागते.

हा प्रश्न केवळ इतिहासकारांच्या सभागृहापुरता उरलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार जंगल जमिनीवरील हक्क सिद्ध करण्यासाठी पुरावा लागतो, आणि २००७ च्या नियमांत पुराव्यांची यादी दिलेली आहे. तीत गॅझेटिअर, जनगणना, सर्वेक्षण-अहवाल, नकाशे ही सरकारी साधने आहेत. त्याचबरोबर गावातील वडीलधाऱ्यांचे कथनही पुरावा म्हणून स्वीकारले आहे, मात्र ते लेखी उतरवून घेतलेले असावे लागते. ही तरतूद भारतीय कायद्याच्या इतिहासात लक्षणीय आहे. मौखिक स्मृतीला प्रथमच दफ्तरात पाट मिळाला; पण पाटावर बसण्याआधी तिला कागदाचे रूप घ्यावे लागले. ह्याच व्यवस्थेत एके काळी झालेल्या दंडाची जुनी पावती वहिवाटीचा आधार ठरू शकते. ज्या नोंदीने पूर्वजाला गुन्हेगार ठरविले, तीच नोंद वारसाच्या हक्काला उपयोगी पडावी, ह्यातील विपर्यास दप्तरशाहीच्या कोणत्याही अभ्यासकाला विचार करायला लावणारा आहे. ज्याला कधी पकडले गेले नाही, त्याच्यापाशी पावतीही नाही.

४

यवतमाळ जिल्ह्याचे नाव गेल्या काही दशकांत ज्या एका गोष्टीशी जोडले गेले, ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. तिच्या आकलनावर नोंदीच्या माध्यमांनी जो परिणाम केला, तो सर्वांत खोल आहे.

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी आणि चार मुले ह्यांचा अंत झाला. ही महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते. पण 'पहिली' हा शब्द येथे जपून वाचला पाहिजे. हे मृत्यू वर्धा जिल्ह्यात, दत्तपूर येथे घडले. पोलिसी नोंद घटनास्थळाची असते. त्या नोंदीच्या भूगोलात ही घटना यवतमाळची नव्हतीच. ती चिलगव्हाणची झाली ती लोकस्मृतीमुळे. २०१७ पासून १९ मार्च हा दिवस किसानपुत्र आंदोलनाच्या पुढाकाराने अन्नत्यागाने पाळला जाऊ लागला, तेव्हा तक्त्याने न दिलेले स्थान स्मरणविधीने दिले.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत आत्महत्या करणाऱ्यांचे व्यवसायवार वर्गीकरण १९९५ पासून होऊ लागले आणि 'शेती' हा रकाना तेव्हा अस्तित्वात आला. ह्याचा अर्थ असा की १९८६ ते १९९५ ह्या नऊ वर्षांत मृत्यू होते पण संख्या नव्हती. आलेख १९९५ पासून सुरू होतो, आणि वाचकाला नकळत वाटू लागते की संकटही तेथूनच सुरू झाले. उदारीकरणाने अरिष्ट तीव्र केले, ह्या मांडणीला स्वतंत्र आधार आहेत. परंतु अरिष्टाची सुरुवात तक्त्यावरून ठरविता येणार नाही, कारण तक्त्याला स्वतःचीच जन्मतारीख आहे. विदर्भातील कापूस उत्पादकांचा असंतोष आणि शेतकरी संघटनेची १९८० च्या दशकातील आंदोलने ही त्या रिकाम्या वर्षांची साक्ष आहेत. २०१४ च्या अहवालात रकाना पुन्हा बदलला; शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजले जाऊ लागले. एका वर्षात आकडा उतरलेला दिसला, तर काय उतरले, दुःख की व्याख्या, हा प्रश्न इतिहासकाराला विचारावाच लागतो.

जिल्हा पातळीवर नोंदीचे दुसरे माध्यम काम करीत होते. २००६ च्या शासन निर्णयानुसार मृत शेतकऱ्याच्या वारसांना एक लाख रुपयांचे साहाय्य देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक प्रकरणाची छाननी करू लागली. जमीन नावावर आहे काय, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे आहे काय, वसुलीचा तगादा होता काय, हे निकष. त्यांवरून प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरे. सार्वजनिक पैसा द्यायचा तर निकष हवेत, हे नाकारता येत नाही. पण निकषांनी मृत्यूचे कथानक आधीच रचून ठेवले. परवाना नसलेल्या सावकाराचे, नातेवाइकांचे, कृषिकेंद्रावरच्या उधारीचे कर्ज ह्या कथानकात बसत नव्हते. पी. साईनाथ यांनी वारंवार दाखवून दिल्याप्रमाणे शेतात राबणाऱ्या स्त्रीच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून तिचा मृत्यू शेतकऱ्याचा मृत्यू म्हणून नोंदलाच जात नाही. कुटुंबात सातबारा वडिलांच्या नावावर आणि कसणारा हात मुलाचा असेल, तर मुलगाही ह्याच कारणाने बाहेर राहू शकतो.

रणजित गुहा यांनी 'चंद्राज् डेथ' (१९८७) ह्या निबंधात एकोणिसाव्या शतकातील बीरभूममधल्या एका तरुणीच्या मृत्यूचे दफ्तर वाचले आहे. एका कुटुंबाची व्यथा न्यायव्यवस्थेपुढे जबानी म्हणून मांडली गेली की तिचे 'प्रकरण' होते. आईबहिणींचे बोलणे कबुलीच्या साच्यात शिरते. आणि साच्याच्या फटींतून जे डोकावते त्यावरूनच त्या स्त्रियांचे परस्परसाहाय्य ओळखावे लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यवतमाळच्या 'अपात्र' प्रकरणांच्या फायली ह्याच रीतीने वाचण्याजोग्या आहेत. तलाठ्याचा अहवाल, पंचनामा, घरच्यांचा जबाब हे तीन मजकूर एकाच मृत्यूविषयी तीन निरनिराळ्या प्रश्नांना उत्तर देत असतात. त्यांतील जबाब निकषांचा अंदाज घेऊन दिलेला असू शकतो. तो खोटा आहे असे नव्हे. आपल्याला कोणत्या भाषेत ऐकले जाईल हे जाणून तो बोललेला आहे.

२०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन ह्याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. ते आत्महत्येच्या कोणत्याही तक्त्यात येऊ शकत नव्हते. दशकभर 'कर्जबाजारी शेतकरी' ह्या एका प्रतिमेने भरलेल्या सार्वजनिक दृष्टीला फवारणी करणारा मजूर दिसायला त्यामुळेच वेळ लागला असावा.

५

तक्ता व्यक्तीला पुसून संख्या देतो. कॅमेरा संख्या पुसून व्यक्ती देतो. ३० जून व १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्या सुमारास वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे यवतमाळच्या खेड्यांत पोचले होते. २२ जुलै २००८ रोजी लोकसभेतील विश्वासदर्शक ठरावाच्या चर्चेत राहुल गांधी यांनी मारेगाव तालुक्यातील जळका येथील कलावती बांदूरकर यांचे नाव घेतले. चर्चेचे थेट प्रक्षेपण होत असल्यामुळे ते नाव त्याच क्षणी देशभर गेले. चर्चेचा विषय अणुकरार आणि ऊर्जा हा होता. एका विधवेचे घर त्यात दृष्टान्त म्हणून आले. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाशी असलेले साम्य येथे जाणवल्यावाचून राहत नाही. माणूस नोंदला गेला, पण दुसऱ्याच्या गोष्टीतील उदाहरण म्हणून.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. त्यांचे न झालेले भाषण मात्र मराठी अनुवादासह वृत्तपत्रांतून व मोबाइलवरून सर्वत्र वाचले गेले. उद्घाटन वैशाली येडे ह्या शेतकरी विधवेच्या हस्ते झाले, आणि त्यांचे भाषण चित्रफितींतून पसरले. मौखिक आणि लिखित ह्यांच्या नेहमीच्या जागा येथे बदलल्या आहेत. प्रतिष्ठित लेखिकेचे बोलणे केवळ लेख म्हणून उरले, आणि जिच्या वर्गाची नोंद आजवर तक्त्यात होत आली, तिचे बोलणे आवाजासह उरले. उद्याचा अभ्यासक ह्या संमेलनाचा इतिहास लिहील तेव्हा त्याला व्यासपीठावर न झालेल्या घटनेची संहिता आणि झालेल्या घटनेची चित्रफीत ही दोन्ही साधने शेजारी ठेवावी लागतील.

मोबाइलमुळे नोंदीचे माध्यम प्रथमच नोंदल्या जाणाऱ्यांच्या हाती आले, हा आशावाद निराधार नाही. पण तोही तपासून घ्यावा लागेल. चित्रफितीची लांबी, ती पुढे पाठविली जाण्याची शक्यता, पाहणाऱ्याची तात्काळ हळहळ हेही एक प्रकारचे निकष आहेत, आणि बोलणारा त्यांचाही अंदाज घेऊ लागतो. शिवाय लाखो चित्रफिती म्हणजे दफ्तर नव्हे. कोणी, कोठे, कधी घेतली ह्याची नोंद नसलेली चित्रफीत ही तारीख नसलेल्या पत्रासारखी असते, आणि राजवाड्यांची शिस्त तेथे नव्याने उपयोगी पडते.

६

ह्या विवेचनातून साधनांविषयी सरसकट अविश्वास सुचवायचा नाही. तक्ता नसता तर मृत्यूंचा प्रश्न संसदेपर्यंत गेला नसता. शब्दयादी नसती तर कोलामीचे भाषाकुळ कळले नसते. प्रत्येक माध्यम काही राखते, आणि राखण्यासाठी लागणारा आकार त्याला देते. तो आकार घटनेचाच आहे असे समजणे, ही चूक वाचणाऱ्याची असते.

म्हणून येथे साहित्यसमीक्षेला काम आहे. पंचनामा, जबाब, वनगुन्ह्यांचा तक्ता, 'अपात्र' शेरा ह्यांना निवेदक आहे, गृहीत वाचक आहे, कथानकाचे संकेत आहेत. बखरीच्या रूपबंधाची चर्चा मराठी समीक्षेने केली. शासकीय नोंदीच्या रूपबंधाची चर्चा अद्याप पुरेशी झालेली नाही. दुसरीकडे, ज्यांना रकाना मिळाला नाही अशा अनुभवांची नोंद कादंबरीने आणि नाटकाने केली आहे. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'मध्ये कर्ज हा आकडा नाही. ते घरातल्या बोलण्याचा सूर बदलणारे, भावाभावांत शिरणारे काहीतरी आहे. श्याम पेठकर यांचे 'तेरवं' हे नाटक आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रियांनीच रंगमंचावर आणले, तेव्हा जबाब देणारीच पात्र झाली आणि प्रश्न विचारण्याची पाळी तिची आली. कल्पित म्हणून ह्या कृतींना साधनांच्या यादीबाहेर ठेवायचे, आणि निकषांनी घडविलेल्या जबाबाला मात्र अस्सल कागद मानायचे, ही वाटणी फेरतपासणीस पात्र आहे.

कोलाम पोडावरील वृद्धाचे कथन वनहक्काच्या दाव्यासाठी मराठीत उतरवून घेतले जाते, तेव्हा कोलामीतून मराठीत, आवाजातून अक्षरात आणि आठवणीतून पुराव्यात असे तीन अनुवाद एकाच बैठकीत होतात. त्यांतील प्रत्येक पायरीवर काय गळाले आणि काय नव्याने घातले गेले हे नोंदवून ठेवणे, आणि शक्य तेथे मूळ कोलामी कथनाचे ध्वनिमुद्रण दाव्याच्या फाइलीबरोबर जपणे, एवढे काम जरी झाले तरी पुढच्या इतिहासकाराच्या हाती निकालाबरोबर तो निकाल ज्या बोलण्यातून निघाला ते बोलणेही येईल.